खरे तेच सांगणारा सल्लागार : पॅट्रिक ब्लॅकेट

बालमित्रांनो, सल्ला देणारी माणसे जगात पुष्कळ असतात. गावात कुणाला विहीर खणायची असो की घर बांधायचे असो, पारावर बसलेले चारजण लगेच सल्ला देतात. पण आधी नीट मोजून, मग विचार करून, आणि समोरच्याला आवडो की न आवडो, खरे असेल तेच सांगणारा सल्लागार मिळणे फार कठीण. त्यातून तो सल्ला लढाईचा असेल तर? मग चुकीच्या एका शब्दाने हजारो माणसांचा जीव जातो.

असा एक सल्लागार इंग्लंडमध्ये होऊन गेला. त्यांचे नाव पॅट्रिक ब्लॅकेट. ते नोबेल पारितोषिक मिळवलेले मोठे शास्त्रज्ञ होते. आपला देश स्वतंत्र झाला तेव्हा आपल्या सैन्याला विज्ञानाची जोड कशी द्यावी, हे विचारायला आपल्या सरकारने त्यांनाच बोलावले होते. त्यांची ही गोष्ट.

बोटीवरचा मुलगा

पॅट्रिकचा जन्म १८ नोव्हेंबर १८९७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील शेअरबाजारात काम करीत. पॅट्रिकला लहानपणापासून हाताने काहीतरी बनवायचा नाद. छोटी विमाने करून उडवावीत, रेडिओ जुळवावा, असले उद्योग चालायचे. तेरा वर्षांचा होण्याआधीच, १९१० साली, त्याला नौदलाच्या शाळेत घातले. त्या शाळेत गणित, यंत्रे, बोट चालवणे असे सगळे शिकवीत. शिस्त मोठी कडक.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. पॅट्रिक तेव्हा अवघ्या सोळा वर्षांचा होता. आपल्याकडे त्या वयाची मुले दहावी-अकरावीत असतात. त्याला थेट लढाऊ बोटीवर पाठवले. त्याच वर्षी डिसेंबरात दक्षिण अटलांटिक समुद्रात फॉकलंड बेटांजवळ झालेली लढाई त्याने पाहिली. नंतर १९१६ साली जटलंडची मोठी लढाई झाली. त्या एका लढाईत ब्रिटिशांचे सहा हजारांहून अधिक खलाशी मेले. पॅट्रिक त्या दिवशी बारहॅम नावाच्या बोटीवर होता. तोफा कशा डागतात, किती गोळे वाया जातात, माणसे कशी मरतात, हे त्याने डोळ्यांनी बघितले. पुढे तो कागदावर लढाईची गणिते मांडू लागला. पण त्या आकड्यांमागे जिवंत माणसे असतात, हे तो कधी विसरला नाही.

हजारो फोटो आणि आठ खुणा

युद्ध संपल्यावर, १९१९ च्या जानेवारीत, नौदलाने काही तरुण अधिकाऱ्यांना थोडे महिने शिकायला केंब्रिजला पाठवले. त्यांचे शिक्षण युद्धामुळे अर्धवट राहिले होते ना! ब्लॅकेट तिथे गेले आणि कॅव्हेंडिश नावाच्या प्रयोगशाळेत डोकावले. शास्त्रज्ञ कसे काम करतात ते बघून त्यांचे मनच पालटले. काही आठवड्यांतच त्यांनी नौदलाची नोकरी सोडली आणि ते पदार्थविज्ञान शिकू लागले.

त्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते रदरफोर्ड. रदरफोर्ड यांनी एक गोष्ट शोधली होती. नायट्रोजन वायूवर बारीक वेगवान कणांचा मारा केला की नायट्रोजनचा अणूच मोडतो. पण हे घडते कसे, ते कुणी बघितले नव्हते. ते बघण्याचे काम ब्लॅकेट यांच्याकडे आले.

त्यासाठी एक खास पेटी होती. पेटीत ओलसर हवा भरायची आणि ती एकदम गार करायची. मग आतून कण गेला की त्याच्या वाटेवर धुक्याची बारीक रेघ उमटते. आकाशात उंचावरून विमान गेल्यावर मागे पांढरी रेघ राहते ना, तशी. ब्लॅकेट यांनी या पेटीचे सुमारे २३ हजार फोटो घेतले. त्या फोटोंत चार लाखांहून जास्त रेघा होत्या. एकेक रेघ त्यांनी तपासली. आणि हवी तशी, फाटे फुटलेली रेघ किती वेळा सापडली असेल? फक्त आठ वेळा! पण त्या आठांनी सिद्ध केले की नायट्रोजनचा अणू मोडून ऑक्सिजनचा अणू तयार होतो. ही गोष्ट १९२५ सालची.

पुढे ओकियालिनी नावाचा इटालियन तरुण त्यांच्याबरोबर काम करू लागला. आकाशातून सतत विश्वकिरण येत असतात. तो किरण पेटीतून जाईल तेव्हाच फोटो आपोआप निघेल, अशी युक्ती या दोघांनी काढली. म्हणजे किरणाने स्वतःच स्वतःचा फोटो काढायचा! या युक्तीने १९३३ मध्ये त्यांनी पॉझिट्रॉन या नव्या कणाचा भक्कम पुरावा मिळवला. आपले डॉ. होमी भाभाही तेव्हा केंब्रिजलाच विश्वकिरणांवर अभ्यास करीत होते. भाभांनी गणित मांडावे आणि ब्लॅकेट यांच्या पेटीत तसेच चित्र दिसावे, अशी या दोघांच्या कामाची जवळीक होती.

चार लाख रेघांतून आठ शोधणारा हा माणूस. अंदाजाने बोलणे त्याला कसे आवडेल?

ब्लॅकेट यांची सर्कस

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. जर्मन विमाने इंग्लंडच्या शहरांवर रात्री-अपरात्री बॉम्ब टाकू लागली. ती विमाने पाडायला तोफा होत्या. विमान कुठे आहे ते सांगणारे रडार हे नवे यंत्रही आले होते. पण जमत नव्हते. एक विमान पाडायला सरासरी २० हजार तोफगोळे खर्च होत होते. १९४० च्या ऑगस्टमध्ये या कामी ब्लॅकेट यांना बोलावणे आले.

त्यांनी काय केले? नवी तोफ मागितली नाही. नवी माणसे मागितली. आणि ती कोणती, तर ऐकून हसू येईल. शरीरशास्त्राचे तीन अभ्यासक, गणिती पद्धतीने पदार्थविज्ञान करणारे दोघे, ताऱ्यांचा अभ्यास करणारा एक, एक लष्करी अधिकारी, एक जमीन मोजणारा सर्व्हेअर, एक साधा पदार्थविज्ञानवाला आणि दोन गणितज्ञ. असे हे अकराजण. लोक गमतीने त्यांना ब्लॅकेट यांची सर्कस म्हणत.

आता तुम्ही म्हणाल, तोफ डागायला शरीरशास्त्र कशाला? पण तोफेमागे माणूस असतो की नाही? त्याला अंधारात दिसते किती, तो थकतो कधी, यंत्रावरचा आकडा वाचायला त्याला किती वेळ लागतो, हे कोण सांगणार? ब्लॅकेट यांचे म्हणणे असे की, कठीण प्रश्न एकाच पेशाच्या माणसांना सुटत नाही. निरनिराळ्या विद्या शिकलेली माणसे एकत्र बसवली पाहिजेत. आणि त्यांनी दूर खोलीत बसून भागणार नाही. जिथे काम चालते तिथे, सैनिकांच्या शेजारी बसले पाहिजे.

रडारची यंत्रे थोडी होती आणि तोफा जास्त. चार-चार तोफांचे ठाणे केले तर निम्म्या ठाण्यांना रडार मिळेना. या मंडळींनी सुचवले की आठ-आठ तोफा एकत्र आणा, म्हणजे प्रत्येक ठाण्याला रडार मिळेल. यंत्र कसे वापरायचे याचे शिक्षणही तोफखान्यातल्या लोकांना मिळू लागले. पुढच्या वर्षी एका विमानामागे लागणारे गोळे २० हजारांवरून ४ हजारांवर आले. तोफा त्याच, गोळे तेच! बदलली ती फक्त काम करण्याची रीत.

याच वेळची एक मजेदार हकिगत आहे. समुद्रकाठच्या तोफा आतल्या भागातल्या तोफांच्या दुप्पट विमाने पाडतात, असे कागदावर दिसत होते. याचे कारण काय? समुद्रावर रडार चांगले चालत असेल, शत्रूची विमाने तिथे सरळ उडत असतील, असे नाना तर्क निघाले. शेवटी खरे कारण सापडले. जमिनीवर विमान पडले तर त्याचे तुकडे सापडतात, म्हणून आकडा पडताळता येतो. समुद्रावर तसे होत नाही. तोफखान्यातले लोक पाडले म्हणतील तेवढी पाडली! म्हणजे बघा, नुसते मोजूनही भागत नाही. मोजलेले खरे आहे का, तेही तपासावे लागते.

पाणबुड्यांशी गाठ

इंग्लंड हे बेट. धान्य, तेल, लोखंड, सारे बोटींनी यायचे. जर्मन पाणबुड्या अटलांटिक समुद्रात या बोटी बुडवत होत्या. बोटी येणे थांबले असते तर सारा देश उपाशी राहिला असता. १९४१ च्या मार्चमध्ये ब्लॅकेट समुद्रावर टेहळणी करणाऱ्या हवाई दलाकडे आले आणि १९४२ च्या सुरुवातीला नौदलाकडे.

विमानातून पाणबुडीवर टाकायचे खास बॉम्ब होते. ते पाण्यात ठरावीक खोलीवर गेले की फुटत. ही खोली १०० फूट ठेवलेली होती. ब्लॅकेट यांच्या गटातले विल्यम्स नावाचे शास्त्रज्ञ जुने कागद काढून बसले. त्यांना दिसले की पाणबुडी बुडी मारून खोल गेली असेल तर ती नेमकी कुठे आहे हे वैमानिकाला कळतच नाही. बॉम्ब भलतीकडेच पडतो. आणि पाणबुडी नुकतीच बुडी मारत असेल, म्हणजे जिथे नेम बरोबर लागतो, तिथे ती पाण्याच्या वरच्या थरातच असते. मग १०० फुटांवर फुटलेला बॉम्ब तिचे काय करणार? खोली २५ फूट करा, असे त्यांनी सुचवले. तसे केल्यावर बुडणाऱ्या पाणबुड्यांची संख्या पुष्कळ वाढली. पकडले गेलेले जर्मन खलाशी समजत होते की इंग्रजांनी नवा जास्त जोराचा बॉम्ब काढला आहे. नवे काही नव्हते. फक्त एक आकडा बदलला होता.

एकदा एका अधिकाऱ्याने सहज विचारले की आपल्या या विमानांचा रंग कोणता आहे. ब्लॅकेट चमकले. विमाने काळी होती! रात्री उडणाऱ्या विमानांना काळा रंग देत, तोच या विमानांनाही होता. पण पाणबुडीवरचा पहारेकरी वर बघतो तेव्हा उजळ आकाशावर काळे विमान लगेच दिसते. आपल्या खाडीवरचे बगळे आणि समुद्रपक्षी आठवा. त्यांचे पोट पांढरे असते. विमानांना खालून पांढरा रंग दिला. मग ती शत्रूला सुमारे २० टक्के कमी अंतरावरून दिसू लागली. तेवढ्या अवधीत विमान पाणबुडीच्या जवळ पोहोचू लागले.

कुंपणाचे गणित

आता एक गणित करू या. पाटी घ्या.

१० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असा भाजीचा वाफा आहे. क्षेत्रफळ १०० चौरस मीटर. कुंपण लागते ४० मीटर. आता १४ मीटर लांब आणि १४ मीटर रुंद वाफा घ्या. क्षेत्रफळ १९६, म्हणजे जवळजवळ दुप्पट. कुंपण किती? ५६ मीटर. दुप्पट नाही, दीडपटसुद्धा नाही!

मालाच्या बोटी एकेकट्या न जाता तांड्याने जात आणि तांड्याभोवती लढाऊ बोटी पहारा देत. मोठा तांडा म्हणजे शत्रूला मोठे सावज, म्हणून तांडा लहान ठेवावा, असा नौदलाचा समज होता. ब्लॅकेट यांच्या मंडळींनी आकडे जमवले. सरासरी ३२ बोटींच्या लहान तांड्यांतल्या शंभरात अडीच बोटी बुडाल्या होत्या. सरासरी ५४ बोटींच्या मोठ्या तांड्यांतल्या शंभरात एकच, फार तर थोडी जास्त. असे का? कारण तेच, कुंपणाचे गणित. पहारा तांड्यापासून बऱ्याच अंतरावर असतो, त्यामुळे फरक आणखी कमी होतो. ४० बोटींच्या जागी ८० बोटी केल्या तरी पहाऱ्याचा घेर फक्त एक सप्तमांशाने वाढतो. म्हणजे तेवढ्याच पहारेकऱ्यांत दुप्पट बोटी सांभाळता येतात.

गणित जुळले. पण सल्ला द्यायचा तर हजारो खलाशांच्या जिवाची जबाबदारी आली. गणितात एखादी गोष्ट राहून गेली असेल तर? ब्लॅकेट यांनी स्वतःला एक प्रश्न विचारला. माझ्याच मुलांना समुद्रापलीकडे पाठवायची वेळ आली, तर मी त्यांना लहान तांड्यातून पाठवीन की मोठ्या? मनाने कौल दिला, मोठ्या. तेव्हाच त्यांनी नौदलाला आपला सल्ला दिला. तो मानला गेला आणि १९४३ पासून तांडे मोठे होऊ लागले. चालू कामाचा असा शास्त्रीय अभ्यास करण्याला ऑपरेशनल रिसर्च म्हणतात. आज कारखाने, रेल्वे, दवाखाने, सगळीकडे ही विद्या वापरतात.

न आवडणारा सल्ला

मित्रांनो, इथवर सगळे छान झाले. पण सल्लागाराची खरी परीक्षा तो सल्ला सरकारला नको असतो तेव्हाच होते.

१९४२ साली सरकारातल्या काही बड्या लोकांनी बेत मांडला की जर्मन शहरांवर, लोकांच्या राहत्या घरांवर, बॉम्बचा वर्षाव करावा. घरे गेली की शत्रू शरण येईल. ब्लॅकेट यांनी हिशेब तपासला. जर्मनांनी इंग्लंडच्या शहरांवर बॉम्ब टाकले तेव्हा नुकसान किती झाले होते, ते त्यांना ठाऊक होते. त्यांनी साफ सांगितले की या बेतातला नुकसानीचा अंदाज कितीतरी पट फुगवलेला आहे. ही विमाने पाणबुड्यांविरुद्ध वापरली तर जास्त उपयोग होईल. त्यांचे ऐकले गेले नाही. लढाईनंतरच्या पाहणीत दिसले की तो अंदाज खरोखरच फार फुगलेला होता. तोवर शहरांतली असंख्य साधी माणसे मेली होती, आणि विमानांतले हजारो तरुणही.

पुढे १९४५ मध्ये अमेरिकेने जपानवर अणुबॉम्ब टाकले. ब्रिटननेही असा बॉम्ब करावा का, हा प्रश्न आला. सरकारने नेमलेल्या समितीत ब्लॅकेट होते. बॉम्ब करू नये, असे त्यांनी लिहून दिले. त्याने देश सुरक्षित होणार नाही, खर्च मात्र होईल, असे त्यांचे मत होते. पंतप्रधान ॲटली यांना ते रुचले नाही. हा माणूस शास्त्रज्ञ आहे, लष्कर आणि राजकारण त्याला काय कळते, असा त्यांचा सूर होता. ब्लॅकेट सरकारी बैठकांपासून दूर पडले. १९४८ मध्ये त्यांनी अणुशक्तीच्या परिणामांवर पुस्तक लिहिले, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर खूप टीका झाली. आणि त्याच वर्षी त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिकही मिळाले!

भारताचे पाहुणे

ज्या माणसाला स्वतःच्या सरकारने दूर सारले, त्याला आपल्या देशाने जवळ केले. ते कसे, ते ऐका.

१९४७ च्या जानेवारीत दिल्लीला इंडियन सायन्स काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. ब्लॅकेट पाहुणे म्हणून आले होते. तिथे पंडित नेहरूंची आणि त्यांची गाठ पडली. नेहरूंनी विचारले की आपले सैन्य पूर्णपणे भारतीय व्हायला, म्हणजे माणसेही आपली आणि हत्यारेही आपली व्हायला, किती काळ लागेल. ब्लॅकेट यांनी नेमका मुद्दा धरला. कोणत्या लढाईची तयारी करायची, यावर ते अवलंबून आहे. जगातल्या बड्या राष्ट्रांशी बरोबरी करायची म्हटले तर फार वर्षे जातील. आपल्या गरजेपुरते बघितले तर काम पुष्कळ लवकर होईल.

तेव्हाची अडचण केवढी होती, ते बघा. आपल्या लष्कराला पहिले भारतीय सरसेनापती, जनरल करिअप्पा, मिळाले १५ जानेवारी १९४९ ला. हवाई दलाचे प्रमुख भारतीय झाले १९५४ मध्ये आणि नौदलाचे तर १९५८ मध्ये. बरीचशी हत्यारे परदेशी, ती दुरुस्त करायची विद्याही परदेशी. नवी हत्यारे तपासून घेऊ शकतील असे शास्त्रज्ञ देशात मोजकेच.

नेहरूंच्या सांगण्यावरून ब्लॅकेट यांनी अभ्यास केला आणि १९४८ च्या सप्टेंबरात आपला अहवाल दिला. त्यातला मुख्य विचार सोपा आहे. हत्यारे दोन प्रकारची असतात. काही हत्यारे अशी, की ज्यांत बड्या देशांची सारखी चढाओढ चाललेली असते. आज घेतले की उद्या जुने. त्यांच्यामागे गरीब देश धावला तर पैसाही जातो आणि हाती काही लागत नाही. दुसरी हत्यारे आणि साहित्य साधे, टिकाऊ, रोज लागणारे. ते आधी देशातच बनवायला शिका. अणुबॉम्ब आणि विषारी वायू यांच्या वाटेला जाऊ नका. शास्त्रज्ञ आणि सैनिक यांना एकत्र काम करू द्या. जे आहे ते नीट कसे वापरायचे, याचा अभ्यास प्रथम करा.

हा सल्ला सगळाच मानला गेला असे नाही. त्याच १९४८ साली आपल्या हवाई दलात जेट विमाने आली. पुढे १९७४ च्या मे महिन्यात भारताने पोखरणला अणुस्फोटाची चाचणीही केली. सल्ला देणे हे शास्त्रज्ञाचे काम आणि निर्णय घेणे हे लोकांनी निवडलेल्या सरकारचे. ब्लॅकेट यांना हे पूर्ण ठाऊक होते. पण निर्णय घेणाऱ्यापुढे खरा हिशेब तरी असला पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह होता.

माणसे घडवण्याचा त्यांचा सल्ला मात्र रुजला. १९४८ मध्ये संरक्षण खात्याला पहिले वैज्ञानिक सल्लागार मिळाले, डॉ. दौलतसिंग कोठारी. तेही रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत शिकून आलेले. दिल्लीला ते प्राध्यापक होते. त्यांनी विद्यापीठांतली तरुण मुले या कामात आणली. हे कोठारी म्हणजे आपल्या गुरुजींना माहीत असलेले, १९६४ ते १९६६ च्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष. दहावी, मग दोन वर्षे बारावीपर्यंत आणि मग तीन वर्षे पदवी, हा नमुना त्याच आयोगामुळे पुढे देशभर आला.

१९५२ मध्ये पुण्याजवळ खडकीला शस्त्रविद्येची संस्था निघाली. तिथे तिन्ही दलांचे अधिकारी आणि शास्त्रज्ञ एकत्र शिकू लागले. आज ती खडकवासल्याजवळ गिरिनगरला आहे. १९५८ मध्ये संरक्षण संशोधनाची मोठी संघटना, म्हणजे डी. आर. डी. ओ., स्थापन झाली. पनवेलहून एस. टी. घाट चढून पुण्याला जाते, त्या पुण्यात या संघटनेच्या तोफा आणि स्फोटके यांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. आणि आपल्या शेजारी अंबरनाथला नौदलाच्या साहित्यावर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे. तिथे काय करतात? खाऱ्या पाण्याने लोखंड गंजू नये, बोटीचा रंग टिकावा, धातू चांगला असावा, असले प्रश्न सोडवतात. आपल्या कोळीबांधवांना विचारा. होडीच्या तळाला शिंपले चिकटले आणि खिळे गंजले की काय होते, ते त्यांना चांगले माहीत आहे. हा प्रश्न दिसायला साधा, पण त्यावाचून बोट चालत नाही. ब्लॅकेट यांना असेच प्रश्न आवडत.

अखेरची वर्षे

ब्लॅकेट पुढे अनेकदा भारतात आले. प्रयोगशाळा पाहिल्या, तरुण शास्त्रज्ञांशी बोलले. श्रीमंत आणि गरीब देशांतली दरी विज्ञानाने कशी कमी होईल, हा विचार त्यांच्या मनात सतत असे. १९६५ ते १९७० या काळात ते रॉयल सोसायटी या प्रसिद्ध विज्ञानसंस्थेचे अध्यक्ष होते. ज्या सरकारी दारांतून त्यांना दूर ठेवले होते, ती दारेही पुढे उघडली. १९६४ नंतर ब्रिटनच्या नव्या सरकारने त्यांना उद्योग आणि तंत्रज्ञानाच्या कामात सल्लागार नेमले. १३ जुलै १९७४ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. चंद्रावरच्या एका विवराला त्यांचे नाव दिलेले आहे.

तर मित्रांनो, या चरित्रातून आपण काय घ्यायचे? पहिली गोष्ट, बोलण्याआधी मोजावे आणि मोजलेले पुन्हा तपासावे. दुसरी गोष्ट, जो प्रत्यक्ष काम करतो त्याच्याजवळ बसून त्याचे ऐकावे, मग तो तोफेवरचा शिपाई असो की होडीवरचा कोळी. तिसरी गोष्ट, नवी वस्तू मागण्याआधी हातात आहे ती नीट वापरता येते का, ते बघावे. आणि चौथी, सर्वांत अवघड गोष्ट. मोठ्या माणसाला आवडणार नाही असे खरे सांगायची वेळ आली, तर नम्रपणे पण स्पष्ट सांगावे. ऐकायचे की नाही, ते त्याच्यावर सोडावे.

आपल्या शाळेतही करून बघा. पाण्याच्या टाकीचा नळ रोज किती ठिबकतो, मोजा. खाली बादली ठेवा, मधल्या सुट्टीत माप घ्या, आठवडाभर लिहून ठेवा. मग तो कागद गुरुजींना किंवा बाईंना दाखवा. नुसती तक्रार आणि मोजून केलेली सूचना यांत केवढा फरक असतो, ते तुमचे तुम्हालाच कळेल.